फ्लोराबाईंचं जहाज चिंचवडला लागतं

वेंगुर्ल्याच्या माणसाने जहाज बघायला घाट चढून चिंचवडला जावं, हे आमच्या शेजारच्या गावडेकाकूंना काही केल्या पटेना. मी एस.टी.त चढून बसले तरी त्या खिडकीखालून विचारत होत्या, "बंदर हय आसा, नि तू जहाज बघूक घाटार जातंस?" (बंदर इथे आहे आणि तू जहाज बघायला घाटावर जातेस?) कंडक्टरने घंटी मारली म्हणून मी सुटले. नाहीतर हे जहाज अटलांटिक महासागरातलं आहे, शंभरेक वर्षांपूर्वीचं आहे आणि शिवाय पॅकिंगच्या फळ्यांचं आहे, एवढं सगळं मला खिडकीतून ओरडून सांगावं लागलं असतं.

तुम्हाला मात्र नीट सांगते. मी इथल्या एका वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. आमच्या माळ्यावर जुन्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकांचा एक गठ्ठा पडून होता, कोणी गोरा साहेब सोडून गेलेला. तो वाचायला माझ्याशिवाय फक्त वाळवी येत असे. मी निवृत्त झाले तेव्हा नव्या कमिटीने तो रद्दीत काढला आणि मी घरी आणला. त्यात मला मिस फ्लोरा भेटली.

फ्लोरा म्हणजे इंग्लंडमधल्या कापडगिरणीच्या गावातली, माग दुरुस्त करणाऱ्या फिटरची मुलगी. लंडनच्या रंगभूमीवर ती पहिल्यांदा आली ती चहाचा ट्रे घेऊन, आणि ट्रे ठेवून लगेच आत गेली. पण ज्या झोकात गेली तो एका अमेरिकन निर्मात्याला आवडला आणि त्याने तिला न्यूयॉर्कला नेलं. तिथे ती उमरावांच्या बायका रंगवू लागली. अस्सल इंग्रज सरदारीण कशी बोलते ते ऐकायला लोक गर्दी करत. बाईच्या बापाच्या नखांत मागाचं तेल असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हंगाम संपला की ती बोटीने लंडनला परते, तर तिथले टीकाकार लिहीत, बाई आता अमेरिकनांसारखी नाकात बोलते. म्हणजे लंडनला ती न्यूयॉर्कची आणि न्यूयॉर्कला लंडनची. वर्षानुवर्षं बिचारीची अशी ये-जा चालली होती. आणि गंमत बघा, ती बोटीवर चढली की नेमकी तिथे वाळवी लागलेली असायची. गठ्ठ्यातल्या शेवटच्या अंकात ती न्यूयॉर्कहून कायमची घरी यायला निघाल्याची बातमी आहे. त्यापुढचं पानच नाही. बाई पोचली की नाही, मला ठाऊक नाही.

मी तिच्यावर दोन अंकी नाटक लिहिलं. शेवट मोठ्या हुशारीने असा केला, की फ्लोरा डेकवर कठड्याला धरून उभी आहे, कुठलाच किनारा दिसत नाही, आणि पडदा. एका दिवाळी अंकात ते छापून आलं आणि कोणीही वाचलं नाही. दोन वर्षांनी फोन आला.

"बाई, तुमचं नाटक आमाला घावलं. काजूच्या खोक्यात."

हे नाना. चिखलीच्या जुन्या गावकरी घराण्यातले, चाकणच्या एका कंपनीत पाठवणीच्या खात्यात (तयार माल ट्रकात चढवून रवाना करण्याचं काम) नोकरीला, आणि उरलेल्या वेळात कामगारांच्या नाटकांचे दिग्दर्शक. त्यांच्या कंपनीने दिवाळीला वाटलेले काजू वेंगुर्ल्याचे होते आणि खोक्यात भरायला जी रद्दी वापरली होती, तिच्यात माझं साहित्य होतं. मला काय वाटलं ते सोडा. मी परवानगीचं पत्र पाठवलं आणि त्यात "एकही शब्द बदलू नये" या वाक्याखाली दोनदा रेघ मारली. पुढे नानांचा निरोप आला: कामगार नाट्यस्पर्धेत प्रयोग, चिंचवडच्या नाट्यगृहात, येत्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सात. मी इरकली साडी इस्त्री केली आणि शनिवारी संध्याकाळची गाडी पकडली.

रविवारी सकाळी स्वारगेटला उतरले, मेट्रोत बसले, काही वेळ जमिनीखालून आणि मग लोकांच्या गच्च्यांवरून जात पिंपरीला शेवटच्या स्टेशनावर उतरले. पुढे निगडीपर्यंत मेट्रोचे नुसते खांबच उभे होते. तेव्हा रिक्षा केली. वाटेत कंपन्यांच्या बसेस माणसं भरभरून चालल्या होत्या. मी रिक्षावाल्याला विचारलं, "रविवारी एवढी माणसं कुठे चालली?"

"कामावर, मावशी."

"सुट्टीच्या दिवशी?"

त्याने आरशातून माझ्याकडे दयेने बघितलं. "सुट्टी इथं गुरुवारी असते. वीज पुरावी म्हणून वाटून दिल्यात सुट्ट्या. तुम्ही बाहेरगावच्या का?"

अशा रीतीने मी प्रयोगाला चार दिवस आधी पोचले. वेळेच्या बाबतीत कोकणी माणसाला कोणी नावं ठेवू नयेत.

माझी उतरायची सोय नानांनी अण्णांकडे केली होती. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, पत्नी वारलेली, मुलगी प्रज्ञा चाकणला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात. आमची फ्लोरा तीच. निगडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारात तुळतुळीत पुसलेली पायरी, आत कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती. अण्णांनी दार उघडलं, माझ्या हातातली बॅग घेतली.

"जय भीम, ताई. आम्ही तुम्हाला बुधवारी धरलं होतं."

"मुद्दाम लवकर आले," मी म्हटलं, "तालीम बघायला."

अण्णांनी ही थाप तोंडावरची सुरकुती न हलवता मान्य केली. असा सभ्य माणूस फार दिवसांनी भेटला.

तालीम बघायला मला जायचं कुठेच नव्हतं. ती घरातच होती. प्रज्ञा स्वयंपाकघरात कणीक मळत म्हणाली, "मिस्टर ब्लेक, मी तुमच्या न्यूयॉर्कला कंटाळले आहे," आणि बाहेर पेपर वाचणारे अण्णा पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "फ्लोरा, तू ज्या गावाला जातेस त्याला कंटाळतेस." मी बॅग खाली ठेवायची विसरले. ब्लेक म्हणजे माझ्या नाटकातला तो अमेरिकन निर्माता, फ्लोरावर प्रेम करणारा. ते काम करणार होता संदीप नावाचा मुलगा. लातूरचा, प्रज्ञाच्याच कंपनीत, तिच्याच जागेवर.

"तिच्याच जागेवर म्हणजे?"

मग अण्णांनी समजावलं. माल बाहेर पडण्याआधी शेवटची तपासणी जिथे होते, त्या टेबलावर कोणीही उभं राहू शकत नाही. त्यासाठी परीक्षा असते आणि पास झालेल्यांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर लावलेली असतात. कंपनीत अशी नावं दोनच: प्रज्ञा आणि संदीप. त्यामुळे एक पहिल्या पाळीला (सकाळी साडेसहा ते तीन) असेल तर दुसऱ्याने दुसरीला (तीन ते रात्री साडेअकरा) असलंच पाहिजे. आठवड्यातून गुरुवारी तेवढी दोघांना एकदम सुट्टी. बाकी सहा दिवस फ्लोरा आणि ब्लेक यांच्यामध्ये समुद्र, आणि ब्लेकचे संवाद म्हणायला अण्णा.

सोमवारी अण्णांनी माझ्यासाठी खास बोंबिलाचं कालवण केलं. मी सोबत आणलेली सोलं (वाळवलेली कोकमं) त्यात टाकायला दिली, तर त्यांनी चिंचच टाकली आणि माझ्या ताटाकडे बघत बसले.

"तुमच्याकडची चव लागली का, ताई?"

आमच्याकडची चव त्यात औषधालाही नव्हती, पण कालवण झकास होतं. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ते खूश झाले. प्रज्ञा कामावर गेली होती. तिच्या नसण्याचा फायदा घेऊन मी विचारलं, "अण्णा, तुम्ही संवाद म्हणता ते वाचल्यासारखे नाही म्हणत. कधी काम केलंय?"

"करायचो. कामगारांच्या नाटकात." त्यांनी बोंबिलाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. "एकदा प्रयोगाच्या दिवशीच साहेबानं रजा नाकारली. ऑर्डर होती मोठी. माझं पहिलंच मुख्य काम होतं. प्रज्ञाची आई पुढच्या रांगेत येऊन बसलेली. मी मशीनवर उभा. माझं काम कोणीतरी हातात वही घेऊन वाचून दाखवलं. लोक हसले. मशीन चालू राहिली, नाटक पडलं." पाण्याचा तांब्या माझ्याकडे सारून म्हणाले, "मग पुन्हा स्टेजवर गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?"

मी भात संपवला.

मंगळवारी नानांनी मला चाकण दाखवायला नेलं. मोटरसायकलवर मागे बसवून. वाटेत आळंदीकडचा फाटा लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब आलाय तर आळंदी करून घ्यायची का?" मी म्हटलं, आधी अटलांटिक होऊ दे. पुढे चौकात आम्ही पाऊण तास एकाच जागी उभे होतो. डावीकडे कोऱ्या मोटारी दोन मजले रचून नेणारा लांबलचक ट्रेलर, उजवीकडे तसाच दुसरा, आणि मधे इरकलीचा पदर डोक्याला गुंडाळलेली मी. एवढ्या नव्या मोटारी मी आयुष्यात एकत्र पाहिल्या नव्हत्या, आणि त्यांतली एकही चालत नव्हती. नाना मात्र निवांत होते. त्यांना माझ्याशी बोलायचंच होतं.

"बाई, राग न्हाई ना येणार? तुमचा शेवट आमच्या पोरांना पटत न्हाई."

"का बरं?"

"ती पोचली का न्हाई, त्ये सांगतच न्हाई तुमी. आमी माल पाठिवतो ना, तर पोच आल्याबिगर फाइल बंद करत न्हाई. नुसता गेटच्या बाहेर पडला म्हंजे झालं, असं चालत न्हाई."

मी त्यांना सांगितलं की कलेत अनिश्चितता असते. नाना म्हणाले, "व्हय, आसंल." आणि गाडीचा हॉर्न वाजवला. मला तो हॉर्न मलाच उद्देशून वाटला.

प्रज्ञाच्या कंपनीत गेटवर माझं नाव लिहून घेतलं, टोपी, चष्मा आणि दोन नंबर मोठे जाडजूड बूट दिले, आणि काचेच्या गॅलरीपर्यंत सोडलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती. खाली टेबलापाशी एक उंच, लाजाळू चेहऱ्याचा मुलगा मोजमापाची साधनं पुसून ओळीत लावत होता, तो संदीप. समोरून प्रज्ञा आली. दोघांमध्ये एक जाड वही: पाळी संपताना काय झालं, काय राहिलं ते त्यात लिहून पुढच्याच्या हवाली करायचं. बोलायला त्यांना दहाच मिनिटं मिळतात. काचेमुळे मला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश चालला होता. ती साधनं मोजत होती आणि तो तिला न्यूयॉर्कला थांब म्हणत होता. माझं नाटक इतकं चांगलं होत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

मग कोणीतरी येऊन सूचना फलकावर एक कागद लावला. लोक जमले. प्रज्ञाने वाचला, आणि वर माझ्याकडे बघितलं. गुरुवारी कंपनी चालू राहणार होती, बदली सुट्टी रविवारी. ऑर्डर होती मोठी.

म्हणजे गुरुवारी तीन ते साडेअकरा प्रज्ञा टेबलावर. पडदा उघडणार सातला. आणि तिच्या जागी उभा राहू शकेल असा माणूस उभ्या कंपनीत एकच, तो पहाटेच कामावर येऊन तीनला दमून सुटलेला असणार.

बुधवारी सकाळी सातलाच नाना निगडीला हजर झाले. अण्णांनी चहा ठेवला. प्रज्ञाचे डोळे सुजलेले होते, पण ती रडवेली नव्हती, चिडलेली होती.

"मी संदीपला सांगणार होते की नाटक रद्द करू. त्यानं संधीच दिली नाही. मी फलकापाशी होते तेवढ्यात त्यानं वहीत लिहून ठेवलेलं, ते तो गेल्यावर बघितलं. 'गुरुवार दुसरी पाळीही मी करतो. ब्लेक नसला तर चालेल, फ्लोरा नसून चालणार नाही. वाद नको.' आणि खाली सुपरवायझरांची मंजुरीची सही. त्यांनी लाल पेनानं विचारलंय, 'फ्लोरा कोण? पार्ट नंबर लिहा.'"

आम्ही हसलो खरे, पण सतरा तास तो मुलगा उभा राहणार होता. गेले चार महिने त्यानेही तेच संवाद पाठ केले होते. लातूरहून त्याचे आईवडील यायचे होते, त्यांना त्याने येऊ नका म्हणून कळवलंसुद्धा.

"मग ब्लेक कोण करनार?" नाना म्हणाले.

प्रज्ञा सवयीने पुटपुटली, "मिस्टर ब्लेक, मी तुमच्या न्यूयॉर्कला कंटाळले आहे."

"फ्लोरा, तू ज्या गावाला जातेस त्याला कंटाळतेस," चहा गाळता गाळता अण्णा म्हणाले.

नाना, मी आणि प्रज्ञा, तिघांनीही मान वळवली. अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा गाळणीतून चहा ओट्यावर सांडत होता.

"छे छे," ते म्हणाले, "बापलेकीनं प्रेमाचे संवाद म्हणायचे? लोक चपला मारतील. आणि माराव्यातच."

ते खरंच होतं. नानांनी डोकं धरलं. आणि तेव्हा मला माझ्या साप्ताहिकातली एक ओळ आठवली, जी मी नाटकात घेतली नव्हती. तिच्यात नाट्य नाही असं तेव्हा माझं मत होतं. फ्लोराच्या लंडनमधल्या पहिल्या मोठ्या प्रयोगाला तिचे वडील येऊ शकले नाहीत, कारण गिरणीतून त्यांना रजा मिळाली नाही. बस, एवढंच. बारीक अक्षरात, टोप्यांच्या जाहिरातीशेजारी.

मी ते सांगितलं. अण्णा फडक्याने ओटा पुसत होते. ते पुसायचे थांबले.

"मग? पुढं कधी बघितलं का त्यानं पोरीला?"

"माहीत नाही, अण्णा. पुढचं पान वाळवीने खाल्लं."

त्यांनी फडकं पिळून दांडीवर टाकलं. मग म्हणाले, "तुम्ही लिहा की मग."

एकही शब्द बदलू नये, दोनदा अधोरेखित! ते पत्र नानांच्या पिशवीतच होतं, त्यांनी काढून दाखवलं नाही हा त्यांचा मोठेपणा. मी दुपारपर्यंत त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझंच नाटक उसवत होते. ब्लेकला मी न्यूयॉर्कलाच ठेवला. तो फक्त तारा पाठवेल आणि त्या तारा विंगेतून नाना वाचतील. डेकवरचा शेवट काढला. बोट इंग्लंडला लागते, धक्क्यावर म्हातारा फिटर उभा असतो. त्याच्या तोंडी मी दोन पानांचं स्वगत लिहिलं. समुद्र, काळ, वियोग, सगळं त्यात होतं. फार सुंदर झालं होतं ते. स्पर्धेला दिलेल्या संहितेत बदल केला तर गुण कापतात, असं मी नानांना बजावलं. ते म्हणाले, "कापू द्या. पोच तर मिळंल."

गुरुवारी नाट्यगृहात पोचले तेव्हा पहिल्यांदा मी ते जहाज पाहिलं. नानांच्या कंपनीतल्या निकामी लाकडी खोक्यांचं, रीतसर गेटपास घेऊन बाहेर काढलेलं. वरून पांढरा रंग दिला होता, पण दिवे लागल्यावर रंगाखालून छत्रीची आणि पेल्याची चित्रं आणि "ही बाजू वर" असा बाण स्वच्छ दिसू लागला. फ्लोराबाईंचं जहाज उलटं ठेवायचं नाही, एवढं त्यामुळे सर्वांना कळलं. पुढच्या रांगा पिंपरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींनी भरल्या होत्या. सगळे अण्णांचे जुने सोबती. अण्णा आज काम करणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला अंक रंगला. नानांच्या आवाजातली अमेरिका ऐकून आधी लोक हसले ("तुज्याबिगर हितं करमत न्हाई, लवकर ये, ब्लेक"), पण चौथ्या तारेपर्यंत त्यांना ब्लेकची कीव येऊ लागली. प्रज्ञाला काय सांगू! ट्रे घेऊन आली आणि ट्रे ठेवून गेली, तेवढ्यातच मला कळलं की त्या अमेरिकन माणसाने बोटीचं तिकीट का काढलं असेल. लंडनला नाकात, न्यूयॉर्कला ठसक्यात. आणि एकटी असली की बोलणं एकदम निगडीचं. ते मी लिहिलेलं नव्हतं. बाल्कनीत बसलेली बाहेरगावची पोरं तिथे टाळ्या वाजवत होती. गावाकडे त्यांना पुण्याचे म्हणतात आणि इथे लातूरचे, जळगावचे म्हणतात, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या अंकात बोट सुटायची वेळ झाली. बोटीचा भोंगा म्हणून नानांनी कारखान्याचा भोंगा ध्वनिमुद्रित करून आणला होता. तो दणक्यात वाजला मात्र, पुढच्या तीन रांगांतले सगळे निवृत्त कामगार एकदम अर्धवट उठले. एकाने तर सवयीने खांद्यावर पिशवी अडकवली. मग एकमेकांकडे बघून ओशाळून खाली बसले. सगळं नाट्यगृह हसत होतं आणि मी पोट धरून हसत होते. फ्लोरा मात्र डेकवर तशीच उभी, कठड्याला धरून. लोक हसून दमेपर्यंत ती थांबली.

मग धक्का. खोक्यांची शिडी. अण्णा आले.

त्यांनी त्यांचा जुना कारखान्याचा निळा शर्ट घातला होता आणि हातात डबा होता. पुढच्या रांगेतून कोणीतरी "अरे!" म्हणालं. अण्णा उभे राहिले. प्रज्ञा शिडीवरून उतरून त्यांच्यासमोर आली. आता माझं दोन पानांचं स्वगत सुरू व्हायचं होतं.

अण्णा बोलेनात. या प्रवेशाला संवाद सांगायला मी वही घेऊन विंगेत येऊन बसले होते. मी पहिलं वाक्य हळू आवाजात सांगितलं, मग जरा मोठ्याने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पुढच्या रांगेकडे बघत होते, तिथल्या एका खुर्चीकडे. त्या खुर्चीवर कोणी बसलं होतं की ती रिकामी होती, मला विंगेतून दिसलं नाही. मग ते प्रज्ञाकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"आज रजा मिळाली, बाळा."

एवढंच. माझी दोन पानं माझ्या मांडीवर राहिली. प्रज्ञाला पुढचं वाक्य होतं, तेही ती बोलली नाही. तिने त्यांच्या हातातला डबा घेतला. नानांनी पडदा पाडला की त्यांच्या हातून सुटला, ते मी अजून विचारलेलं नाही, कारण ते विंगेत शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते. बाहेर ती म्हातारी मंडळी उभी राहिली होती, आणि या वेळी भोंगा वाजला नव्हता. मला रडू आवरलं नाही, हे लिहायला मला काही लाज वाटत नाही.

बक्षीस मिळालं नाही. संहितेत बदल केल्याचे गुण कापले, हे पुढे कळलं.

शुक्रवारी सकाळी अण्णा मला स्वारगेटपर्यंत सोडायला आले. प्रज्ञा घरी नव्हती. सतरा तास उभ्या राहिलेल्या संदीपला झोप मिळावी म्हणून पहाटे त्याच्या पाळीला ती गेली होती. अण्णांनी मला बोंबिलांची पुडी दिली. वेंगुर्ल्याच्या बाईला निगडीचे बोंबील! मी ती दोन्ही हातांनी घेतली.

गाडी कोल्हापुराजवळ होती तेव्हा प्रज्ञाचा फोन आला.

"काकू, आत फोन नेता येत नाही, म्हणून पाठ करून आलेय. सकाळी वही उघडली तर संदीपनं काल रात्री निघताना लिहिलेलं. 'सर्व माल तपासला. दोष नाही. बोट लागली का?' मी खाली लिहिलं, 'लागली. अण्णांना रजा मिळाली.' आता तीनला तो आला, त्यानं वाचलं. समोर लिहिलं, 'तपासले, योग्य.' आणि सही केली."

"आणि सुपरवायझर?"

"त्यांनी आज पार्ट नंबर नाही विचारला."

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर गावडेकाकू भेटल्याच. "पोचला मगे जहाज?" म्हणाल्या. मी म्हटलं पोचलं, आणि त्यांना अर्धे बोंबील दिले. त्यांनी वास घेऊन बघितला आणि हे आपल्याकडचेच, कोणीतरी तुला फसवलं, असा निकाल दिला.

घरी येऊन मी कपाटातून साप्ताहिकाचा तो शेवटचा अंक काढला. सत्तावीस वर्षं मी पुस्तकात लिहिणाऱ्या सभासदांना फाडून खाल्लं आहे. त्यांतले काही हे वाचत असतील, त्यांनी खुशाल हसावं. वाळवीने जिथे पान सोडलं आहे, तिथे बातमीखाली मी शिसपेन्सिलीने लिहिलं: बोट लागली, वडिलांना रजा मिळाली, तपासले, योग्य. सही कोणाची करावी याचा जरा विचार केला. त्या संध्याकाळी नाट्यगृहात मी होते, नाना होते, अण्णा होते, सगळे होते. मी संदीपचं नाव लिहिलं.